पनवेलचं बंदर

नोव्हेंबर १७७८ च्या अखेरच्या आठवड्यात मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज खाडीतून पनवेल बंदरात उतरली. सुमारे ३,९०० माणसं, तोफा, दारूगोळा आणि हे सगळं ओढायला १९,००० बैल. सोबत पेशवाईवर हक्क सांगणारे राघोबादादा. त्यांना पुण्याला नेऊन सत्ता मिळवून द्यायची आणि आपला मतलब साधायचा, हा मुंबईकर इंग्रजांचा बेत होता.

पुढचं वडगावचं प्रकरण शाळेच्या पुस्तकात असतं, पण पनवेलचे ते दिवस नसतात. माझं मन मात्र त्या एकोणीस हजार बैलांपाशी अडतं. नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे भातझोडणीचा हंगाम. खळ्यांवर पेंढा नुकताच रचलेला असतो, वर्षभर आपली गुरं त्यावर जगायची असतात. अशा वेळी एवढी जनावरं गावाच्या वेशीवर आली, तर त्यांची वैरण कोणाच्या दारातून गेली असेल? फौजेच्या कागदपत्रांत सेनापतींची भांडणं तपशीलवार सापडतात. त्या शेतकऱ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही.

पनवेलहून खोपोलीला आज एसटीने तासाभरात पोचतो. त्या फौजेला घाटमाथ्यावर पोचायला २३ डिसेंबर उजाडला. तोफांसाठी रस्ता करत, थांबत, वाद घालत ती सरकत होती, आणि तोवर पुण्याकडून महादजी शिंदे, हरिपंत फडके, तुकोजी होळकर तयारीनिशी पुढे आले. फौजेच्या आघाडीला कॅप्टन स्ट्युअर्ट नावाचा तरुण अधिकारी होता. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तो तोफेच्या गोळ्याने पडला. त्याचं धाडस मराठ्यांनी जवळून पाहिलं होतं. शत्रू असूनही त्याला त्यांनी ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं. वडगाव मावळला त्याचं थडगं आहे आणि लोक तिथे श्रद्धेने नारळ ठेवतात. आपल्यावर चालून आलेल्या माणसाच्या शौर्याची अशी कदर करणारं मन मला फार मोठं वाटतं. इंग्रजांनी तळेगावपर्यंत मजल मारली, तर गाव जाळून रिकामं केलेलं. माघार घेताना जड तोफा तळ्यात टाकाव्या लागल्या आणि वडगावला शरणागतीचा तह लिहून द्यावा लागला.

दोनच वर्षांनी पुन्हा तेच. एप्रिल १७८१ मध्ये जनरल गॉडर्ड घाटाच्या पायथ्याहून पनवेलकडे मागे फिरला, तेव्हा हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि होळकर यांच्या घोडदळाने वाटेवर त्याची पाठ सोडली नाही. चारशेहून जास्त माणसं जायबंदी झाली किंवा कामी आली. उरलेल्यांनी गाठलं ते पनवेलच. चढाईही इथून आणि माघारही इथेच, कारण मुंबई-पुणे वाटेवर पाणी संपून जमीन सुरू होते ती या बंदरावर. मुंबई तेव्हा बेट होती. होडीने पनवेल, पनवेलहून खोपोली, मग बोरघाट, हाच सरळ रस्ता. पुढे १८०३ च्या युद्धात आर्थर वेलस्ली, म्हणजे नंतर वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, दख्खनेत लढत होता, तेव्हा त्याच्याही फौजेची मुंबईकडची रसद याच वाटेने गेली.

पेशवाई गेली आणि तलवारीच्या जागी तराजू आला. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर जॉन माल्कमने बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. तोवर घाट चढायचा तो पाठीवर गोणी घातलेल्या बैलांनी. आता चाकं चढू लागली. देशावरचा कापूस गाड्यांनी खाली यायचा, पनवेलला होड्यांत भरून मुंबईला जायचा. परतीला मीठ, तांदूळ, नारळ, मुंबईचा माल. भरतीला होड्या लागायच्या, ओहोटीला चिखलात बसायच्या, आणि गावाचं घड्याळ त्या पाण्यावर चालायचं.

याच काळातली एक गोष्ट मला किल्ल्यांच्या आणि लढायांच्या गोष्टींपेक्षा जास्त आवडते. जुन्या गॅझेटिअरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा कोणता दिला आहे? गाडीची चाकं बनवणं. देशावरून आलेली गाडी पनवेलहून परतताना नवी चाकं घालूनच जायची, असं तिथे नोंदलेलं आहे. मला त्यामागचा हिशेब असा दिसतो. घाट उतरताना चाकाची हाडं खिळखिळी होतात. देशावर चांगलं लाकूड महाग आणि इथे तर माथेरान-कर्नाळ्याच्या उतारांवर जंगल. मग सुताराने इथेच बस्तान मांडलं.

चाक करणं सोपं नसतं. मधला तुंबा चिवट लाकडाचा लागतो, नाहीतर आरे ठोकताना तो तडकतो. आरे तुंब्यात बसवायचे, त्यांच्या टोकांवर वाकदार पुठ्ठे जोडून गोल पुरा करायचा. मग लोहाराची पाळी. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवलेली असते. गोवऱ्यांच्या जाळात ती लालभडक करायची, म्हणजे फुगते. दोघातिघांनी चिमट्यांनी उचलून ती चाकावर टाकायची, घणांनी खाली बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत वर पाणी ओतायचं. लोखंड आकसतं, सगळे सांधे एकदम आवळले जातात आणि लाकूड करकरतं. एक क्षण उशीर झाला तर चाक जळतं, घाई झाली तर धाव तिरकी बसते. पनवेलच्या सुतार-लोहारांनी अशी चाकं पिढ्यान्‌पिढ्या केली. सोलापूर-नगरकडच्या धुळीत फिरणाऱ्या कितीतरी गाड्या आमच्या गावच्या चाकांवर फिरल्या असतील. या कारागिरांपैकी एकाचंही नाव इतिहासात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

गाव या व्यापारावर पोसलं. २५ ऑगस्ट १८५२ रोजी इथे नगरपालिका आली. राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते, आणि मुंबई-ठाणे आगगाडी धावली त्याच्या आधीची ती आहे. १८४९ साली बेने इस्रायल समाजाने बेथ एल सिनेगॉग बांधलं. हे लोक कोकणात तेलाचा घाणा चालवायचे आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जायचे. घरात मराठी आणि आडनावं पेणकर, रोहेकर, पनवेलकर. त्यांतली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी इथे धूतपापेश्वर आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला. तो दीडशे वर्षांनंतरही चालू आहे.

मग रेल्वे आली, पण पनवेलला नाही. ती कल्याणवरून कर्जतकडे वळली आणि १८५६ मध्ये खोपोलीला पोचली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला आणि मुंबई-पुणे प्रवास रुळांवर गेला. बंदर एका दिवसात ओस पडलं नाही. मीठ, भात आणि चाकं चालूच राहिली. पण पुण्याला जाणारा प्रवासी मात्र पनवेलला उतरेनासा झाला. स्वतः पनवेलला रेल्वे पाहायला १९६० चं दशक उजाडावं लागलं.

ही रेल्वे चालवणाऱ्या जीआयपी कंपनीत पनवेलजवळच्या शिरढोणचा एक मुलगा काही काळ कारकून होता. वासुदेव बळवंत फडके, जन्म ४ नोव्हेंबर १८४५. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. तो किल्ला १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने घेतला. शिरढोणहून कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका असा समोर दिसतो की तो न पाहता वाढणं शक्यच नाही, आणि हरलेल्या किल्ल्याची गोष्ट त्या घरात नक्कीच पुन्हा पुन्हा सांगितली गेली असणार. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या या माणसाने १८७९ मध्ये रामोशांना सोबत घेऊन सरकारविरुद्ध बंड उभारलं. त्याच वर्षी २० जुलैला विजापूरकडे देवर नावडगी इथे ते पकडले गेले, आणि पुण्यातल्या खटल्यात वकील सार्वजनिक काका त्यांच्या बाजूने उभे राहिले. जन्मठेपेची रवानगी समुद्रापार एडनला झाली. तिथल्या कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उचकटून ते पळाले आणि पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. वय अवघं ३७.

आज पनवेलला लोक ओळखतात ते द्रुतगती मार्गाचं तोंड, एसटीचा मोठा थांबा आणि आता विमानतळ म्हणून. उलव्याची टेकडी कापून आणि नदीचा प्रवाह वळवून तो विमानतळ याच खाडीच्या परिसरात उभा राहिला. त्याला माझा विरोध नाही. हे गाव रस्त्यावरच जगत आलं आहे आणि प्रत्येक पिढीला तिचा रस्ता मिळाला पाहिजे. पण सगळे रस्ते ज्या एका जागेपासून सुरू झाले ती जागा आमच्या मुलांना दाखवता येऊ नये, हे मला पटत नाही. बंदराकडे गेलं तर कोळीवाड्याच्या होड्या, जाळी आणि तिवरं दिसतात. तिथे उभ्या असलेल्या दहावीच्या मुलाला कोणी सांगावं की वडगावच्या तहाची सुरुवात तू उभा आहेस त्या चिखलात झाली.

नगरपालिकेच्या स्थापनेला २०२७ च्या ऑगस्टमध्ये १७५ वर्षं होतील. महापालिकेने आतापासून तयारी करावी, असं मला वाटतं. बंदरावर १७७८, १७८१ आणि १८३० ची हकीगत सांगणारा मराठी फलक लावावा, सिनेगॉगपासून बंदरापर्यंत चालत जायचा मार्ग आखून शाळांना द्यावा. आणि गावात, तालुक्यात अजून कुणा सुताराच्या हातात ती कला असेल, तर त्याला बोलावून चौकात एक चाक पुरं करवून घ्यावं, तुंब्यापासून धावेपर्यंत, मुलांच्या डोळ्यांदेखत. लाकडाचा आणि गोवऱ्यांचा खर्च आम्ही पनवेलकर वर्गणी काढून देऊ.