गोळीनें विटाळ जातो काय?

हल्लीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत एक नवी सोय रूढ झाली आहे व ती इतक्या मुकाट्यानें रूढ झाली आहे कीं, चारचौघांत तिचें नांवही निघत नाहीं. यात्रेचा बेत ठरला, घरीं सत्यनारायण घालावयाचा झाला, गौरी बसावयाच्या झाल्या अथवा लग्नाची तिथि निघाली कीं, घरांतील स्त्रिया आधीं पंचांग पाहतात आणि मग बोटांवर दिवस मोजतात. दिवस अडचणीचे निघाले, तर औषधांच्या दुकानांतून पाळी पुढें ढकलण्याच्या गोळ्या येतात. डॉक्टरची चिठ्ठी असते किंवा नसते. शेजारणीस मागें ज्या लागू पडल्या त्याच चालतात. कार्य निर्विघ्न पार पडतें, देवाला कांहीं कळत नाहीं, सासूबाईंना बोलावें लागत नाहीं आणि आपण जुनेंही सोडलें नाहीं व नवेंही अव्हेरिलें नाहीं, असें सर्वांना समाधान वाटतें. या समाधानाचा आज विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे, कारण तें आम्हांस मुळींच निर्दोष दिसत नाहीं.

उदाहरण म्हणून वेरूळच घेऊं. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारें ३० किलोमीटरांवर असलेल्या या गांवीं एका बाजूस जगप्रसिद्ध लेणीं आहेत आणि दुसऱ्या बाजूस घृष्णेश्वराचें देऊळ आहे. भोसले घराण्याचें हें गांव. मालोजीराजांचें व पुढें अठराव्या शतकांत अहिल्याबाई होळकरांचें नांव या देवळाच्या जीर्णोद्धाराशीं जोडलेलें आहे. श्रावणांतल्या सोमवारीं आणि महाशिवरात्रीस येथें यात्रेकरूंची रीघ लागते. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, औंढ्या नागनाथ आणि परळीचा वैजनाथ अशीं पांच ज्योतिर्लिंगें एका फेरींत करणारीं कुटुंबें पुष्कळ. मोटार ठरलेली, मुक्काम ठरलेले, रजा मोजकी; अशा वेळीं घरांतल्या एका स्त्रीनें "मला देवळांत येतां येणार नाहीं" म्हणून बाहेर पायरीशीं चपला राखीत बसावें, हें तिलाही जड जातें व इतरांनाही. मग गोळी घेतली जाते. वेरूळच्या गाभाऱ्यांत जातांना पुरुषांनीं अंगावरचें वस्त्र उतरवावें, अशी रीत आहे. ती सर्वांच्या देखत पाळली जाते आणि तिला कांहीं खर्च पडत नाहीं. स्त्रीनें मात्र जो नियम पाळावयाचा तो दारावर कोणी तपासीत नाहीं. तो तिच्या मनांत बसविलेला आहे, आणि त्याचा खर्च तिच्या शरीरावर पडतो.

यावर आम्हांस विचारण्यांत येईल, "यांत बिघडलें काय? तिला दर्शन घ्यावयाचें आहे, विज्ञानानें उपाय दिला आहे, ती आपखुषीनें घेते. तुम्ही मध्यें पडणारे कोण?" हा आक्षेप वाजवी आहे आणि त्याला उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे. परंतु त्याआधीं ही गोळी करते काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

या कामीं बहुधा जें औषध घेतात त्याचें नांव नोरेथिस्टेरॉन. पाळीच्या आधीं स्त्रीच्या शरीरांतील प्रोजेस्टेरॉन नांवाचें संप्रेरक उतरूं लागतें व त्यामुळें गर्भाशयाचें आंतील अस्तर सुटून रक्तस्राव होतो. अपेक्षित दिवसाच्या सुमारें तीन दिवस आधीं हें कृत्रिम संप्रेरक सुरू केलें, तर तें अस्तर धरून ठेवलें जातें. गोळी थांबविली कीं दोन-तीन दिवसांत स्राव सुरू होतो. म्हणजे पाळी टळत नाहीं, तिला दारांत थोपवून धरण्यांत येतें. कित्येकींस यापासून कांहीं त्रास होत नाहीं. कित्येकींस डोकें दुखणें, पोट फुगणें, छाती जड होणें, मन उदास होणें असे त्रास होतात. जिला पूर्वीं शिरेंत रक्ताची गुठळी झालेली आहे किंवा जिला यकृताचा विकार आहे, तिनें ही गोळी डॉक्टरला विचारल्यावांचून घेणें धोक्याचें आहे. शिवाय, अशा तऱ्हेनें चार दिवस घेतलेली ही गोळी गर्भ राहूं नये म्हणून उपयोगी पडेल असें मानणें ही निव्वळ चूक आहे. शेजारणीच्या शिफारशीनें घेण्याचें हें औषध नव्हे, एवढें तरी निर्विवाद आहे.

आतां कोणी असें समजूं नये कीं, आम्ही गोळीच्या विरुद्ध आहों. निसर्गाच्या कामांत हात घालूं नये, ही ओरड आम्हांस मान्य नाहीं. देवीची लस टोचतांनाही ती झालीच होती. ज्या महाराष्ट्रांत रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून स्त्रीच्या देहावर स्त्रीचा अधिकार आहे हें सांगितलें, त्या महाराष्ट्रानें तरी या ओरडीला भीक घालूं नये. नोरेथिस्टेरॉन १९५१ सालीं मेक्सिकोंतील प्रयोगशाळेंत तयार झालें, आणि १९६० सालीं अमेरिकेंत संततिनियमनाच्या गोळीस प्रथम परवानगी मिळाली. ज्यांनीं ही गोळी घडविली त्यांनीं दर महिन्यास औषधांत कांहीं दिवस खंड अशी योजना केली, ती शरीराची गरज म्हणून नव्हे. दर महिन्यास स्राव दिसला म्हणजे स्त्रियांना व समाजाला हें नैसर्गिक वाटेल, असा त्यांत हेतु होता. आपल्या सरकारी माला-एन गोळ्यांच्या पाकिटांतही २१ गोळ्या संप्रेरकाच्या व ७ निव्वळ लोहाच्या असतात, आणि स्राव येतो तो या लोहाच्या दिवसांत. हा खंड आरोग्यास आवश्यक नाहीं, असें आज वैद्यकाचें मत आहे. २००३ सालीं अमेरिकेंत वर्षांतून चारच वेळां स्राव येईल अशा गोळीस मान्यताही मिळाली. ज्या स्त्रीस दर महिन्यास अतिस्राव होऊन रक्तक्षय जडला आहे, जिला पाळीच्या वेदनेनें अंथरूण धरावें लागतें, किंवा जिला आपल्या कामाच्या वा खेळाच्या दृष्टीनें पाळी नकोशी वाटते, तिनें डॉक्टरच्या सल्ल्यानें ती थांबविली, तर त्यांत गैर कांहींएक नाहीं. ती तिची बाब आहे.

मग देवळासाठीं घेतलेल्या गोळीविरुद्ध आमची तक्रार कां? कारण येथें गोळी घेणारी स्त्री असली तरी दुखणें तिचें नाहीं. दुखणें आहे समाजाच्या मनांत, आणि औषध मात्र पाजलें जातें तिला. एका घरांत एकाला संशयाचें वेड लागावें व त्याचा संशय फिटावा म्हणून दुसऱ्यानें काढा प्यावा, असा हा प्रकार आहे. विटाळाची कल्पना खोटी आहे, हें ज्यांना पटलें आहे अशा घरांतही ही गोळी येते, हें तर अधिक नवल. "आम्ही कांहीं मानीत नाहीं हो, पण उगाच कोणाचें मन कशाला दुखवा?" असें म्हणून सुशिक्षित नवरा मोकळा होतो. मन दुखवावयाचें नाहीं तें सर्वांचें. शरीर दुखलें तर तें एकटीचें!

बरें, ज्यांना विटाळ खरा वाटतो त्यांचें तर्कशास्त्र तरी टिकतें काय? गोळी सोडल्यावर किंवा लोहाच्या दिवसांत जो स्राव होतो तो मुळीं औषधानें घडविलेला. त्याचा विटाळ धरावयाचा कीं नाहीं? आणि जें रक्त चार दिवस आंत अडवून ठेविलें तें अडलेलें असतांना पवित्र, वाहूं लागतांच अपवित्र, असें म्हणावयाचें काय? अपवित्रता जर दुकानांतल्या गोळीनें चार दिवस पुढें ढकलतां येते, तर ती देवाधर्माची गोष्ट राहिली नाहीं, ती केवळ वेळापत्रकाची गोष्ट झाली. आमच्या मतें गोळीनें विटाळाच्या कल्पनेचा फोलपणाच सिद्ध केला आहे. परंतु त्या सिद्धतेवरून निष्कर्ष काढण्याचें धैर्य मात्र आम्हांस होत नाहीं.

आणि हें सर्व वेरुळासारख्या ठिकाणीं व्हावें याची तर आम्हांस विशेष खंत वाटते. घृष्णेश्वर हें नांव कोणाचें? प्रचलित कथेप्रमाणें घुश्मा नांवाच्या एका स्त्रीचें. ती रोज १०१ पार्थिव लिंगें करी, पूजी आणि जवळच्या तळ्यांत विसर्जन करी. मत्सरानें तिच्या बहिणीनें तिचा मुलगा मारला, तरी तिची पूजा खंडली नाहीं. शंकर प्रसन्न झाला, मुलगा उठला आणि देवानें भक्त स्त्रीचें नांव घेऊन तेथें वास केला. कथा नित्याच्या पूजेचें वर्णन करते. महिन्यांतले चार दिवस वगळल्याचें ती सांगत नाहीं. जिच्या नांवानें देव ओळखला जातो, तिच्या लेकींनीं त्याच्या दारीं जातांना आपला देह औषधानें दडपून न्यावा, यापरतें विपरीत काय?

याच वेरुळांत तेराव्या शतकांत श्रीचक्रधरस्वामींचें वास्तव्य झाल्याचें 'लीळाचरित्र' सांगतें. स्त्रीच्या ऋतुस्रावाचा विटाळ त्यांनीं मानला नाहीं. शरीराचे इतर स्राव तसाच हा एक, अशी त्यांची शिकवण होती. पुढें चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनीं आपल्या अभंगांतून देहाच्या विटाळाचा प्रश्न उघड विचारला. म्हणजे ज्याला आपण पाश्चात्य सुधारणा म्हणून नाक मुरडतों, तो विचार या मातींत शतकांपूर्वीं उगवलेला आहे. आणि लेण्यांत तरी काय दिसतें? चौदाव्या लेण्यांत सप्तमातृका ओळीनें बसलेल्या आहेत आणि त्यांच्यासंगें बालकें कोरलेलीं आहेत. मातृत्व पूज्य, आणि ज्या देहधर्मावांचून मातृत्व संभवत नाहीं तो देहधर्म अमंगळ! दगडांत कोरलेल्या मातेपुढें हात जोडावयाचे आणि जिवंत मातेला पायरीवर बसवावयाचें!

पांच ज्योतिर्लिंगांची हीच वाट पुढें परळीस जाते, म्हणजे बीड जिल्ह्यांत. या जिल्ह्यांतून दरवर्षीं ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची कहाणी २०१९ सालीं सर्वांच्या कानीं आली. शासनानें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीच्या पाहणींत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. त्यामागें कारणें अनेक आहेत: अंगावर काढलेले आजार, फडांत पाणी व आडोसा नसणें, कर्करोगाची घातलेली भीति, खासगी डॉक्टरांचा लोभ. परंतु खाडा झाला तर पैसे कापले जातात व म्हणून पाळीची कटकटच नको, हेंही कारण स्त्रियांनीं सांगितलें. मध्यमवर्गांतल्या स्त्रीच्या गोळीची आणि या शस्त्रक्रियेची बरोबरी आम्ही करीत नाहीं; एकींत चार दिवसांची गैरसोय आहे, दुसरींत जन्माचें नुकसान. परंतु दोहोंच्या मुळाशीं असलेला विचार एकच आहे. देवाचें कार्य असो कीं मुकादमाचें, कामाची रीत बदलावयाची नाहीं. स्त्रीचें शरीर बदलावयाचें. जें एका घरीं गोळीनें भागतें तेंच दुसऱ्या घरीं सुरीनें भागविलें जातें.

येथें जुन्या मताचा एक मुद्दा विचारांत घेण्यासारखा आहे. ते म्हणतात, "चार दिवस बाजूस बसणें ही स्त्रीला विश्रांति होती, तेवढीच तिला सवड." असेल, पण विश्रांति द्यावयास अमंगळ ठरविण्याची गरज काय? थकलेल्या माणसाला आपण बसावयास सांगतों, त्याची सावली टाळीत नाहीं. आणि गोळीनें तर ही ओढूनताणून दिलेली विश्रांतिही हिरावून घेतली. पूर्वीं गौरीच्या दिवशीं पाळी आली तर सोळा भाज्यांचा स्वयंपाक दुसरी कोणी तरी करी. आतां गोळी घेऊन तीच करते. अस्पर्शाचा डाग कायम, आणि सवड मात्र गेली! पाळींत झालेल्या शिवाशिवीचें प्रायश्चित्त म्हणून ऋषिपंचमीचें व्रत करणाऱ्या घरांत गोळीही चालते व व्रतही चालतें. म्हणजे गुन्हा टाळण्याचा उपाय तिचा आणि गुन्ह्याचें प्रायश्चित्तही तिचेंच.

तेव्हां "ती आपखुषीनें घेते" या आक्षेपाचें आमचें उत्तर असें: आपखुषी ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. गोळी न घेतां, पाळी चालू असतां, ती देवळांत गेली किंवा पूजेला बसली, तर घरांत कोणी चकार शब्द काढणार नाहीं, अशी स्थिति आहे काय? असेल, तर तिनें गोळी घ्यावी कीं न घ्यावी हा खरोखरच तिचा प्रश्न आहे व आम्ही त्यांत तोंड घालणार नाहीं. नसेल, तर तिच्यापुढें दोन दारें नाहींतच. एकच दार आहे आणि त्याला आपण निवड हें नांव दिलें आहे.

ही स्थिति पालटणें कायद्याच्या हातीं फारसें नाहीं. २०१६ सालीं शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळाला, तो न्यायालयाच्या निर्णयानंतर. पण घरच्या देवघरापुढें न्यायालय येत नाहीं. तेथें निवाडा घरच्यांनींच करावयाचा आहे, आणि तो कठीणही नाहीं. सासूनें एकदां सुनेला सांगावें, "तारीख कोणतीही असो, तूं पूजेला बस." नवऱ्यानें यात्रा ठरवितांना बायकोचे दिवस मोजूं नयेत, आणि कोणी विचारलें तर उत्तर त्यानें द्यावें, तिनें नव्हे. आईनें मुलीच्या हातीं पहिल्यांदा गोळी ठेवण्यापूर्वीं स्वतःस विचारावें कीं, हें मुलीच्या वेदनेसाठीं आहे कीं लोकांच्या तोंडासाठीं. वेदनेसाठीं असेल तर डॉक्टरकडे न्यावें. लोकांच्या तोंडासाठीं असेल तर गोळी दुकानांतच राहूं द्यावी, आणि मुलीला हाताशीं धरून घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यांत न्यावें. तें देऊळ एका बाईच्या नांवाचें आहे. तेथें तिला कोणी परकें मानण्याचें कारण नाहीं.