दोन वह्या

गेल्या महिन्यात एके सायंकाळी आमचे एक जुने सहाध्यापक सपत्नीक घरी आले. या छत्रपती संभाजीनगरात (जुन्या मंडळींच्या तोंडी अद्याप औरंगाबादच आहे) एकाच शाळेत आम्ही दोघांनी वीस वर्षे काढली. ते गणित शिकवीत, आम्ही संस्कृत. ते धर्माने ख्रिस्ती. उभयतांमध्ये दोन वर्षे अबोला होता, हे आम्हांस ठाऊक होते. भाजी कोणती आणावयाची हेसुद्धा मुलीमार्फत विचारले जाई. त्या दिवशी मात्र चहा घेताना बाईंनी न विचारता त्यांच्या बशीत दुसरे बिस्किट ठेवले, व त्यांनी ते मुकाट्याने खाल्ले. आम्हांस राहवेना. आम्ही विचारलेच, की हा चमत्कार कसा घडला?

"शास्त्रीबुवा," ते हसून म्हणाले, "आमच्या फादरांनी आग्रह करून आम्हांला एका शिबिरास धाडले. तेथे आम्हांला दोन वह्या दिल्या. बस्स, एवढेच!"

त्या शिबिरास 'मॅरेज एन्काउंटर' म्हणतात. गाब्रिएल काल्व्हो नामक एका स्पॅनिश कॅथलिक धर्मगुरूंनी १९६२ साली बार्सिलोना येथे २८ जोडप्यांसाठी असे पहिले शिबिर भरविले. तेथून ही रीत देशोदेशी पसरली व हिंदुस्थानातही आली. शुक्रवारी सायंकाळी जमावयाचे, रविवारी परतावयाचे. काही अनुभवी जोडपी व एक धर्मगुरू एकेक विषय काढून स्वतःच्या संसारातील गोष्टी मोकळेपणाने सांगतात. नंतर प्रत्येक जोडप्यास एक प्रश्न देतात. पती एकीकडे, पत्नी दुसरीकडे बसून आपापल्या वहीत त्याचे उत्तर लिहितात. मग खोलीचे दार लावून वह्यांची अदलाबदल करावयाची, वाचावयाचे, आणि वाचलेल्यावर दोघांनीच बोलावयाचे. तिसऱ्या कोणासही त्या वह्या दाखवावयाच्या नाहीत. चारचौघांत गाऱ्हाणे नाही, पंच नाहीत, निवाडा नाही. कोणाची चूक हा प्रश्नच तेथे नसतो. तुझ्या मनास काय वाटले, एवढेच लिहावयाचे.

ज्यांचा संसार अगदी मोडकळीस आला आहे त्यांच्यासाठी 'रेत्रूव्हाय' नावाचा निराळा उपक्रम आहे. त्या फ्रेंच शब्दाचा आशय पुन्हा गवसणे असा. तो १९७७ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुरू झाला. तेथे मार्गदर्शन करणारी जोडपी स्वतःच कधीकाळी विभक्त होण्याच्या काठावरून परत फिरलेली असतात, आणि शिबिरानंतरही काही आठवडे भेटीगाठी चालू ठेवतात.

कोणी वाचक म्हणतील, हे चर्चचे प्रकरण. आमच्या घरात त्याचे काय काम? आमच्या शहरी कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ सालापासून आहे. शेजारी राहूनही त्यांच्या या रीतीची आम्हांस गंधवार्ता नव्हती. त्या शिबिरांत अन्य धर्मीयांसही मज्जाव नसतो. पण ते राहू द्या. औषधाचा गुण घ्यावा, वैद्याचे गोत्र विचारू नये. आणि खरे पाहता हे औषध आमच्या परिचयाचे आहे.

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चा तिसरा अंक आठवावा. बारा वर्षांच्या वियोगानंतर राम पंचवटीत येतो. भागीरथीच्या वराने सीता अदृश्य होऊन तेथेच उभी आहे. राम तिच्यासाठी किती झुरला आहे हे ती त्याच्याच मुखातून ऐकते, परंतु तिला त्याच्याशी वाद घालता येत नाही. तिचा रोष तेथे ओसरू लागतो, तो कोणी रामाची बाजू मांडली म्हणून नव्हे. मध्ये तोंड न घालता तिला त्याचे मन ऐकता आले म्हणून. वही हेच साधते. वाचणाऱ्यास लिहिणाराचे वाक्य मध्येच तोडता येत नाही.

आमच्या एकत्र कुटुंबांत नेमके हेच दुर्लभ आहे. माणसे भरपूर, पण दोघांस एकांत नाही. आणि खटका उडाला की आम्ही वडीलधारे लगेच ओसरीवर न्यायासन मांडतो. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्याने न्यायाधीशांवरही प्रथम समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य घातले आहे. परंतु तेथवर पोचेतो दोघांच्या तोंडी वकिलांचे शब्द आलेले असतात. त्याआधी घरातच ते शब्द सासूचे, नणंदेचे, मामांचे झालेले असतात. त्यांचे स्वतःचे शब्द कोणी ऐकलेलेच नसतात.

हा उपदेश दुसऱ्यांस करण्यापूर्वी आमचीच गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पाहुणे गेल्यावर आम्हीही हौसेने दोन वह्या आणल्या व एक सौ.पुढे ठेवली. ती म्हणाली, "अहो, तुम्ही तपासणार असाल तर मी नाही लिहायची." आम्हांस अर्थ कळेना. तिने ट्रंकेच्या तळातून एक पिवळे पडलेले पत्र काढून हाती दिले. १९८३ साली, लग्नाच्या पहिल्या वर्षी, आम्ही तालुक्याच्या गावी नोकरीवर व ती येथे सासरी असताना तिने आम्हांस ते लिहिले होते. आम्ही विनोद म्हणून तांबड्या शाईने ऱ्हस्वदीर्घ सुधारून, खाली दहापैकी सहा गुण देऊन परत धाडले होते. त्यानंतर तिचे पत्र कधी आले नाही. घरकामातून तिला सवड होत नसावी, असा आमचा समज!

पत्र पुन्हा वाचले. त्यात तिने लिहिले होते की येथे मला करमत नाही, रात्री झोप येत नाही, तुम्ही मला तिकडे कधी नेणार? त्या एका वाक्यातील दोन चुका आम्ही दुरुस्त केल्या होत्या. प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते. सप्तपदीतील सातवे पाऊल सख्यत्वाचे, हे विद्यार्थ्यांस आम्ही जन्मभर शिकविले. स्वतः मात्र सहाव्यापाशीच अडलो होतो.

त्या रात्री आम्ही वहीत प्रथम त्या प्रश्नाचे उत्तर लिहिले. उशीर बेचाळीस वर्षांचा झाला होता. सौ.ने ते वाचले, डोळे पुसले, आणि मग आपली वही ओढून घेतली. तिने काय लिहिले ते येथे सांगावयाचे नाही. नियम तो नियम.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. जेथे मारहाण आहे, व्यसन आहे, सुनेच्या जिवास धोका आहे, तेथे वह्या वाटत बसू नये; तिला प्रथम सुरक्षित करावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याचा आधार तिला आहे, आणि तो घेण्यात कुळाला कमीपणा नाही.

इतर घरी वडीलमंडळींनी एवढेच करावे: महिन्यातून दोन दिवस नातवंडांस घेऊन पैठणास, नाहीतर लेकीकडे जावे, आणि घर मुलगासुनेच्या हाती सोडावे. परतल्यावर "काय ठरले?" असे विचारू नये. आणि स्वतःच्या ट्रंकेच्या तळाशीही एकदा पाहावे. एखाद्या जुन्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे राहिले असेल.