दुसरी लस कशासाठी?



घोडनदीकाठच्या शिरूरपासून भीमाकाठच्या दौंडपर्यंत गोठ्यागोठ्यांतून एक प्रश्न हमखास कानी येतो : "साहेब, वासराला गेल्या महिन्यात लाळ्या-खुरकुताची लस टोचली. आता पुन्हा कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तुमच्या बियाण्याच्या कणगीतच आहे.

ज्वारीचे बी धरताना तुम्ही काय करता? उभ्या रानातून भरदार कणसे निवडता आणि त्यांचेच दाणे पुढच्या साली पेरता. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून अशीच निवड करून काढला. लस टोचल्यावर जनावराच्या अंगातही हेच चालते, फक्त वर्षांचे काम दिवसांत होते.

या लशीत मेलेले विषाणू असतात. त्यांना धरून ठेवणारी प्रतिद्रव्ये रक्तातल्या काही पेशी तयार करतात. सुरुवातीची पकड ढिली असते. मग या पेशी अंगातल्या गाठींत भराभर वाढतात. वाढताना प्रतिद्रव्याच्या घडणीत फेरफार होतात, तेही एरवीच्या सुमारे दहा लाख पट वेगाने. पुष्कळ फेरफार वाया जातात, एखादाच लाभतो. ज्या पेशीची पकड घट्ट, तिला लशीचा अंश मिळतो आणि ती जगते, बाकीच्या मरतात. दिवस जातील तशी पकड घट्ट होते, हे आयसेन व सिस्किंड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६४ साली सशांवर दाखवले.

हे फेरफार सलग व्हावेत की थांबून थांबून? केप्लर व पेरेल्सन यांनी १९९३ साली हा प्रश्न गणिताने सोडवला. आपण सोपा हिशेब करू. समजा, दर फेरीत निम्म्या पेशी बिघडतात. निवड न करता पाच फेऱ्या झाल्या, तर १०० पैकी जेमतेम ३ धड उरतील. पण दर फेरीनंतर बिघडलेल्या काढून चांगल्या पुन्हा १०० पर्यंत वाढू दिल्या, तर रान कायम भरलेले राहते आणि मध्येच सरस निघालेलीचा वंश वाढतो. म्हणून थोडा बदल, मग निवड, मग पुन्हा बदल, हाच मार्ग फायद्याचा ठरला.

निवडीला दिवस लागतात, म्हणून दोन लशींत महिन्याचे अंतर. निवडलेल्या काही पेशी अंगात राखून ठेवल्या जातात. दुसरी लस म्हणजे त्या निवडक बियाण्याची पेरणी. त्यातून प्रतिद्रव्ये लवकर, भरपूर आणि घट्ट पकडीची मिळतात. मेलेला विषाणू अंगात वाढत नाही, म्हणून पहिल्या टोचणीचा जोर लवकर ओसरतो. एकाच लशीवर थांबणे म्हणजे बी निवडून कणगीतच ठेवणे.

तेव्हा वासरू चार महिन्यांचे झाले की पहिली लस, महिन्याने दुसरी, नंतर दर सहा महिन्यांनी एक. २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस मोफत आहे. टोचल्यावर एखादा दिवस अंग कणकणेल, दुभत्या गाईचे दूध थोडे कमी येईल. ते भरून निघते. खुरकुताने दगावलेले वासरू मात्र परत येत नाही.

आज कॅलेंडरवर पहिल्या लशीची तारीख लिहा आणि महिन्यानंतरच्या तारखेवर खूण करा. घरातल्या शाळकरी पोराला हे काम सांगा, ते विसरणार नाही.