सोलापूरच्या मुलाच्या चार भाषा

१६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली, १७ जूनला त्या निर्णयात दुरुस्ती केली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून समिती नेमली. सक्तीला झालेला विरोध रास्तच होता. परंतु त्या अडीच महिन्यांच्या वादात एक गृहीत दोन्ही पक्षांनी निमूटपणे मान्य केलेले दिसले: मूल एका भाषेनिशी शाळेत येते आणि उरलेल्या भाषा त्याला शासन देते. ज्याच्या अंगणात आधीच तीन-चार भाषा नांदत आहेत त्या मुलाची आठवण फारशी कोणाला झाली नाही.

हे मूल पाहावयाचे तर सोलापूरच्या पूर्व भागात जावे. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. बाप यंत्रमागावर चादरी नि टॉवेल विणतो, आई विड्या वळते, आणि घरातील बोलणे तेलुगूत चालते. शेजारच्या मुस्लिम कुटुंबातील पोरांशी खेळताना त्याच्या तोंडी दखनी येते. अक्कलकोटकडून भाजी घेऊन आलेल्या बाईशी घासाघीस कन्नडमध्ये होते. शाळेत आणि कचेरीत मराठी. या चारांपैकी मराठी सोडली तर एकही भाषा त्याला कोणी 'शिकविलेली' नसते. व्याकरणाचे पुस्तक नाही, घोकंपट्टी नाही, परीक्षा नाही. गरज आणि लळा या दोनच गोष्टींनी ती त्याच्या जिभेवर बसलेली असते.

अशा मुलाला भाषेचे कुतूहल फार लवकर जडते. आपल्या घरी 'मनमु' म्हणताना ऐकणारा धरलेला असतो व 'मेमु' म्हणताना वगळलेला असतो, हे त्याला कोणी समजावून सांगत नाही. मराठीतही 'आपण' आणि 'आम्ही' असा तोच भेद आहे, हे एके दिवशी त्याच्या ध्यानात येते. मग कन्नड 'नावु'मध्ये तो भेद नाही, दखनीतील 'हम'मध्येही नाही, आणि पुढे शाळेत भेटणाऱ्या इंग्रजीतही नाही, हे कळून तो चकित होतो. जेवताना आपण ज्याला तूप म्हणतो त्याला कन्नड आजी तुप्प म्हणते. मग शब्द कोणी कोणाकडून घेतला? भाषाशास्त्रज्ञांना पडणारे प्रश्न येथे दहा वर्षांच्या पोराला पडतात. शाळेने हे कुतूहल नुसते जिवंत ठेवले असते तरी पुष्कळ झाले असते.

प्रत्यक्षात पहिल्याच वर्गात त्याच्या मराठीतील तेलुगू हेल 'अशुद्ध' ठरतो. भाषेच्या तासाला तो मागे पडतो आणि मग मागासच समजला जातो. जर्मन वा फ्रेंच शिकण्यासाठी शुल्क भरणाऱ्या सुखवस्तू मुलाला बहुभाषिक म्हणून शाबासकी मिळते. विणकराच्या मुलाच्या चार भाषांना मात्र बाजारात भाव नाही, म्हणून त्या शाळेतही मोजल्या जात नाहीत. जनगणनेच्या तक्त्यातही मातृभाषेखेरीज दोनच भाषांची नोंद होते. याची चौथी भाषा तेथेही गळते. २०११ च्या गणनेत दोन भाषा जाणणारे सुमारे २६ टक्के आणि तीन जाणणारे सुमारे ७ टक्के भरले. परदेशी वारीतून ज्ञान मिळते आणि चाळीतून फक्त सवय लागते, असा हा वर्गीय हिशेब आहे.

वस्तुतः सोलापूरचा लौकिक याच मिश्रणातून झाला. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले आणि दीर्घकाळ याच शहरात प्राध्यापक होते. येथेच जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता चिनी भाषा आत्मसात केली. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. त्या नावांवरूनच लढा किती बोलींत चालला असेल हे उमगते.

आपल्या चळवळीलाही या प्रश्नी थोडे आत्मपरीक्षण करावे लागेल. 'अंग्रेजी हटाओ'ची घोषणा देणारे डॉ. लोहिया भाषा शिकण्याचे शत्रू नव्हते. बर्लिनला जर्मन शिकून त्यांनी प्रबंध लिहिला. त्यांचा रोख इंग्रजीच्या सत्तेवर होता. उत्तरेतील अनुयायांनी त्याचा अर्थ अनेकदा हिंदीची सत्ता असा करून घेतला, हे कबूल केलेले बरे. मंगळूरच्या कोंकणी घरात वाढलेले जॉर्ज फर्नांडिस मुंबईत आले, गोदीतल्या आणि नगरपालिकेच्या कामगारांत वावरत मराठी बोलू लागले, आणि १९६७ साली दक्षिण मुंबईत त्यांनी स. का. पाटलांना हरविले. त्यांच्या उत्तरायुष्यातील राजकारणाविषयी येथे न बोललेलेच बरे. पण कामगाराच्या दारात त्याच्या भाषेतून जाण्याची त्यांची हातोटी पुढच्या पिढीने किती उचलली? पूर्व भागातील विडी कामगार स्त्रियांपुढे आपल्या सभा कोणत्या भाषेत होतात? पत्रके कोणत्या लिपीत छापली जातात?

आईबापांचा इंग्रजी माध्यमाकडील ओढा हा निव्वळ मोह नव्हे. नोकरीचे दार त्या भाषेने उघडते हे त्यांना दिसते, आणि जे दिसते त्यावर ते पोटाला चिमटा घेऊन पैसे खर्च करतात. त्यांना उपदेश करून काही साधणार नाही. इंग्रजी चांगली शिकविलीच पाहिजे. पण ती ज्या पायावर उभी राहावयाची तो पाया पोराच्या घरची भाषा हा आहे. घटनेच्या ३५०-अ अनुच्छेदाने १९५६ पासून भाषिक अल्पसंख्याक मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची मातृभाषेतून सोय करण्याचा प्रयत्न राज्यांवर सोपविलेला आहे. मागे घेतलेल्या १७ जूनच्या निर्णयात हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असल्यास इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांची अट होती. पूर्व भागात तेलुगूसाठी २० मुले शोधावी लागत नाहीत. प्रश्न शिक्षकाचा आहे. त्याच वस्तीतील शिकलेल्या, दोन्ही भाषा जाणणाऱ्या मुलींना पहिली-दुसरीच्या वर्गांवर शिक्षिका म्हणून नेमावे, ही मागणी कामगार संघटनांनी महापालिकेपुढे आणि शासनापुढे ठेवावी.

साने गुरुजींनी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतील सहबंद्यांच्या संगतीत तामीळ जाणून घेतली व कुरळ मराठीत आणले. सोलापुरात तेलुगू शिकू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्याला तुरुंगात जाण्याचीही गरज नाही. संध्याकाळी माग थांबल्यावर पूर्व भागातील कोणत्याही ओट्यावर बसावे. शिकविणारी मुले तेथे हजर असतात.