परदेशांतील अनामत

गेल्या वर्षीं आम्ही उभयतां कन्येकडे स्कॉटलंडांत गेलों होतों. एडिंबरा पाहावें म्हणून तेथील एका विश्रांतिगृहांत उतरलों. भाडें आगाऊ दिलेलें होतें. तरीहि कारकुनानें कार्ड मागून यंत्रास लाविलें. मजपाशीं बचत खात्याचें डेबिट कार्ड होतें, तें मीं निःशंकपणें दिलें.

दुसऱ्या दिवशीं सौभाग्यवतीचा चष्मा फुटला. चष्मेवाल्याच्या दुकानांत तेंच कार्ड नाकारलें गेलें. चाळीस वर्षें मुलांच्या चुका दाखविणाऱ्या मला मान खालीं घालावी लागली. सौभाग्यवतीनें बटव्यांतून कन्येनें दिलेल्या नोटा काढल्या. ती कांहींच बोलली नाहीं. तें अधिक लागलें.

रात्रीं जांवईबापूंनीं उलगडा केला. संभाव्य खर्चासाठीं विश्रांतिगृह कांहीं रक्कम अडकवून ठेवतें. ती त्यांच्या पदरीं पडत नाहीं, परंतु आपल्याहि हातीं राहात नाहीं. हिशेब मिटल्यावर ती मोकळी होते; मात्र त्यास कित्येकदां बरेच दिवस लागतात. मनूनें अठरा व्यवहारपदांत निक्षेपाची गणना केली आहे. पण त्या निक्षेपांत वस्तु आपण जाणून दुसऱ्याच्या स्वाधीन करतों. येथें ठेव ठेविल्याचें ठेवणारासच ठाऊक नसतें!

डेबिट कार्डावर अडकतो तो आपला रोकडा पैसा. क्रेडिट कार्डावर केवळ उधारीची मर्यादा तेवढी कमी होते. म्हणून अनामतीस क्रेडिट कार्ड द्यावें आणि डेबिट कार्ड यंत्रांतून रोकड काढण्यास राखावें.

भाड्याच्या मोटारीचे निर्बंध याहून कडक असतात. बहुतेक ठिकाणीं चालकाच्याच नांवाचें क्रेडिट कार्ड लागतें. मोटार मुलानें चालवावयाची आणि कार्ड वडिलांनीं पुढें करावयाचें, हें सहसा चालत नाहीं. आगाऊ पैसे भरलेलें प्रवासी कार्डहि अनेक जण अनामतीस घेत नाहींत. अनामत किती, ती केव्हां सुटेल, इंधन व मोडतोड यांचा भार कोणावर, हें आरक्षणापूर्वींच वाचावें. मोटार परत केल्यावर वाहतुकीचा दंड मागाहूनहि कार्डावर पडूं शकतो. यास्तव पावत्या जपाव्या.

निघण्यापूर्वीं आणखी एक काम करावें. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमांप्रमाणें नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आरंभीं बंद असतो. तो आपण होऊन सुरू करून घ्यावा लागतो. तेथील यंत्रानें ‘रुपयांत द्यावयाचें कीं पौंडांत?’ असें विचारल्यास पौंडच सांगावेत. रुपयांचा दर दुकानाकडील मध्यस्थ ठरवितो आणि तो बहुधा आपणांस महाग पडतो.

शेवटीं, कार्डें दोन असावींत व तीं दोन निराळ्या पिशव्यांत असावींत. आणि थोडी रोकड गृहिणीच्या बटव्यांत अवश्य असावी. ही शेवटची सूचना मीं कोणत्याहि नियमावलींत वाचलेली नाहीं. ती मजला एडिंबऱ्यास मिळाली.