नवेगावबांधला जाऊन करायचं काय?

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली की पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींचा एक ठराविक प्रश्न येतो. "तू गोंदियाकडचा ना? आमचं ताडोबा झालंय. नवेगाव-नागझिऱ्याला दोन दिवसांत काय काय होतं?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा एक्सेल शीट आधीच उघडून ठेवलेलं असतं. सकाळी सफारी, मग नाश्ता, मग तलाव (अर्धा तास, फोटो), दुपारी परत सफारी. दुसऱ्या दिवशी हाजरा फॉल आणि घरी. परत आल्यावर निकालही ठरलेला: "जंगल छान आहे रे, पण वाघ नाही दिसला. आणि गावात तसं काही नाहीये."

आजचं लिखाण त्या शेवटच्या वाक्यावर आहे.

माझं मत सरळ सांगतो. नवेगावबांधला वाघासाठी जाऊ नका. वाघच हवा असेल तर ताडोब्याला दिसण्याची शक्यता कितीतरी जास्त. नवेगावला तलावासाठी जा. आणि तलाव म्हणजे नुसता देखावा समजून जाऊ नका. ती माणसांनी बांधलेली, तीनेकशे वर्षं चालू असलेली सिस्टीम आहे, आणि गावात बघण्याखाण्यासारखं जे आहे ते बरंचसं तिच्यावरच उभं आहे. हे एकदा लक्षात आलं की दोन दिवस कमी पडतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. नवेगावबांध त्याच्या दक्षिणेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. नागपूरहून भंडारा, साकोली करत महामार्गाने यायचं आणि कोहमाऱ्याला वळायचं. गोंदिया-बल्लारशा लाईनवर देऊळगाव स्टेशन जवळ पडतं, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. शेजारच्या जंगलाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान केलं आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प झाला. तेव्हापासून गावाची ओळख "वाघाचं गेट" अशी झाली.

तर आता यादी. यादीवर टीका करून यादीच देतोय, पण काय करणार, लोकांना यादी लागतेच :-)

१. पाळीवर चाला.

आमच्याकडे तलावाच्या बांधाला पाळ म्हणतात. सकाळी सहाला निघा, हातात मोबाईल नको. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. गावाने पुढे त्यांचा देव केला, कोलासुर. तलावाभोवतीच्या सात डोंगरांना सातबहिणी म्हणतात. कल्पना अशी की डोंगर आहेतच, मग मधल्या खिंडी तेवढ्या मातीच्या पाळीने बंद करायच्या. थोड्या बांधकामात दहा चौरस किलोमीटरहून जास्त पाणी अडलं. कमी कोड लिहून जास्त काम करून घेणं यालाच म्हणतात! आमच्या धंद्यात पाच वर्षं चाललेल्या सॉफ्टवेअरला लोक "लेगसी" म्हणून नाकं मुरडतात. इथे पंप नाही, वीज नाही, सगळं उताराच्या भरवशावर, आणि ऐन वेळी पावसाने दगा दिला तर धानाला पाणी अजूनही तलावातूनच मिळतं.

कोहळी लोकांनी असे तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सगळ्या झाडीपट्टीत बांधले. बऱ्याच ठिकाणी ते साखळीत आहेत, वरचा भरून वाहिला की पाणी खालच्यात. पुढे मालगुजारी पद्धत आली म्हणून ते मालगुजारी तलाव, आणि मालगुजारी गेल्यावर "माजी मालगुजारी", म्हणजे मामा तलाव. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांच्या वर आहेत.

२. मासळी येते तेव्हा काठावर असा.

ढिवर समाजाची माणसं पहाटे जाळी काढून परततात. त्या वेळी काठावर गेलात तर कुठला मासा कुठल्या पाण्यात राहतो, कुठल्या पानवनस्पतीत अंडी घालतो, हे तिथे जितकं कळेल तितकं कुठल्या माहिती केंद्रात कळणार नाही. मासा तिथेच विकत घ्या आणि जिथे उतरला आहात तिथे करायला सांगा. हिवाळा असेल तर शिंगाडे पण मिळतात, तेही तलावातलेच.

याच तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था ढिवरांसोबत, विशेषतः बायकांसोबत, तलाव जिवंत करण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. तलावात माजलेली बेशरम उपटायची, तळ नांगरायचा, जुन्या पानवनस्पती पुन्हा लावायच्या. त्या आल्या की देशी मासे परत येतात, मागोमाग पक्षी. जमलं तर हे काम ज्यांनी केलं त्यांच्याशी बोला.

३. चितमपल्ली वाचून या.

मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत नवेगावला होते आणि "नवेगावबांधचे दिवस" हे त्यांचं पुस्तक इथलंच. त्यांचे इथले सोबती म्हणजे गावचे माधवराव पाटील डोंगरवार, ज्यांना हे जंगल आणि हा तलाव घरच्यासारखा माहीत होता. चितमपल्ली २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. पुस्तक वाचून आलात तर पाळीवर बसल्यावर समोरचं पाणी नुसतं पाणी राहत नाही. ह्याला खर्च शून्य, वाचनालयाची वर्गणी सोडली तर.

४. रात्रभर नाटक बघा.

धान घरात आलं की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. कंपन्या बहुतेक शेजारच्या वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या. गावात मंडई किंवा शंकरपट असला की रात्री नाटक हमखास. दहा-अकराला पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत चालतं. मध्ये गाणी, विनोद, रडारड, सगळं. शाल आणि पाण्याची बाटली घेऊन जा. याच रंगभूमीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्यात प्रायोगिक नाटकाला शंभर माणसं जमली की आपण खूश होतो. इथे आजूबाजूच्या दहा गावांची माणसं तिकीट काढून जमिनीवर बसतात.

५. गोठणगाव आणि प्रतापगड.

त्याच तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे, आणि गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत, नोर्ग्येलिंग. धानाच्या शेतांमध्ये एकदम पताका फडकताना दिसतात. हिवाळ्यात बरेच जण स्वेटर विकायला बाहेरगावी जातात, तेव्हा लोसारच्या सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर जास्त बरं. जवळच प्रतापगडचा डोंगर. एकाच डोंगरावर महादेव आणि ख्वाजा उस्मान हारुनींचा दर्गा. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते.

६. सारस, पण लांबून.

हे नवेगावपासून दूर, जिल्ह्याच्या उत्तरेला वैनगंगा-बाघ नद्यांच्या पट्ट्यात. महाराष्ट्रात सारस घरटं करतो ते मुख्यतः याच जिल्ह्यात, आणि मोजदादीत तीस-चाळीसच्या घरातच भरतात. घरटं कधी तलावात, कधी चक्क धानाच्या बांधीत. शेतकऱ्याने तेवढा तुकडा सोडला म्हणून पिल्लू वाढतं. म्हणून फोटोसाठी बांधीत शिरू नका.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण तू गावाच्या प्रेमाने बोलतोयस. असेल. पण हा रोग आपल्याच गावाचा नाही. अमेरिकेत असलेल्या आपल्या लोकांची एक हवाई ट्रिप ठरलेली असते. तिथे माऊई बेटाच्या एका टोकाला हाना नावाचं चिमुकलं गाव आहे. रस्ता समुद्राच्या कडेने, सहाशेच्या वर वळणं आणि ५९ पूल. लोक गाडी भाड्याने घेतात, वाटेत धबधब्यांपाशी वेडीवाकडी गाडी लावून फोटो काढतात, हानाला पोचतात, "इथे काय आहे?" असं म्हणून त्याच दिवशी परत फिरतात. "हानाच्या रस्त्यातून मी वाचलो" अशा अर्थाचे टी-शर्टसुद्धा मिळतात. गाव म्हणजे गाडी वळवायची जागा!

पण त्याच हवाईत शिकण्यासारखी एक गोष्टही आहे. तिथल्या मूळ लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी समुद्रकिनाऱ्यावर दगडी बांध घालून मासे पाळायची तळी केली होती. मोलोकाई बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर अशी पुष्कळ आहेत. मधल्या काळात ती ढासळली, गाळाने भरली. आता हवाईत काही ठिकाणी स्थानिक मंडळी ती पुन्हा उभी करताहेत, आणि कामाचा दिवस ठरवून बाहेरच्यांनाही बोलावतात. पाहुणा येतो, चिखलात उतरतो, दगड उचलतो, झुडपं काढतो. त्या बेटावरचा त्याचा तो दिवस वाया गेला असं मला तरी वाटत नाही.

आपल्याकडे हे का नाही? बेशरम उपटायला एक दिवस, सोबत ढिवरांच्या घरचं जेवण, आणि दोन्हीचे रीतसर पैसे. कॉर्पोरेट टीम आऊटिंगसाठी आपण रिसॉर्टमध्ये रस्सीखेच खेळायला याहून कितीतरी जास्त मोजतो.

आता खरा मुद्दा. हे तलाव आपोआप टिकलेले नाहीत. पूर्वी पाळ कोणी बुजवायची, गाळ कोणी काढायचा, पाणी कोणाला आधी, हे गावात ठरलेलं असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. जाणं योग्यच होतं, जमीनदारीबद्दल मला काही हळहळ नाही. पण तलाव सरकारजमा झाले तेव्हा देखभालीची ती घडीही मोडली. आज मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, छोटे जिल्हा परिषदेकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे आणि भोवतालचं जंगल वनखात्याकडे. ज्या प्रोजेक्टला चार मालक असतात त्याचा मेंटेनन्स कोण करतं हे आयटीवाल्यांना सांगायला नको. गाळ साठतो, पोटात अतिक्रमण होतं, बेशरम माजते, आणि दरवर्षी थोडं थोडं पाणी कमी मावतं.

अशा वेळी बाहेरून येणारा पाहुणा फक्त वाघाचं विचारत राहिला तर गावालाही तेच खरं वाटायला लागतं. माझे एक मामा (तलाववाले नाही, सख्खे) म्हणतात, "पावना आला का वाघाचंच पुसते, तलावाचं कोनी पुसत नाही." ज्याला गिऱ्हाईक आहे त्यालाच निधी मिळतो, हे त्यांना बरोबर कळलंय.

गावातल्या तरुणांचं म्हणणं वेगळं आहे आणि तेही खोटं नाही. ते म्हणतात, तुम्ही पुण्यात बसून तलावाचं कौतुक करता, आम्हाला रोजगार पाहिजे. रिसॉर्ट होऊ द्या, बोटी येऊ द्या. जिप्सी चालवून आणि गाईड म्हणून काहींची घरं चालतातच. मी रोजगाराच्या विरोधात नाही. शिकलेली पोरं नागपूर-पुण्याला निघून जातात, मीही त्यातलाच एक. माझं म्हणणं इतकंच की भिंतीआडच्या रिसॉर्टमध्ये उतरलेला माणूस गावात फार तर पाण्याची बाटली घेतो. गावात दोन रात्री राहिलेला माणूस भात, मासे, शिंगाडे, नाटकाचं तिकीट, वाट दाखवणारा, सगळ्यांचे पैसे देतो. आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी तलाव भरलेला असेल तरच विकायला असतात. म्हणजे तलाव राखणं हा गावाच्या धंद्याचाच भाग होतो. रिसॉर्टला तलाव फक्त खिडकीतून दिसला म्हणजे झालं, गाळ किती साठलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

असो. जायचंच ठरवलं असेल तर दोन रात्री तरी काढा, आणि एक सफारी कमी करा. पक्ष्यांसाठी आणि नाटकासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी चांगला. पावसाळ्यात उद्यानाची गेटं बंद असतात, पण रोवणी बघायची असेल तर जुलै-ऑगस्टमध्येच या. पाळीच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हिरव्यागार बांध्या आणि त्यात ओणव्या बायका, असं ते दिसतं. सुटे पैसे जवळ ठेवा, प्लॅस्टिक परत घेऊन जा. आणि गावात कोणाशी बोलायला सुरुवात करताना वाघाच्या आधी एवढंच विचारा, "यंदा तलाव किती भरला?" पुढचं बोलणं आपोआप सुरू होईल.