सूर्यावरचे वादळ आणि विम्याचा हप्ता

हप्ता अनेकांनी भरावा आणि हानी थोड्यांची व्हावी, या भरवशावर विम्याचा व्यवहार चालतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्यातील घरांदुकानांत शिरले, तेव्हाही अन्य गावांचे हप्ते पाठीशी होतेच. पण संकट आकाशातून आले तर?

१३ मार्च १९८९ च्या पहाटे कॅनडातील क्वेबेक प्रांतात ते आले. सूर्यावरून सुटलेल्या विद्युतभारित कणांच्या लोटाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळले गेले, लांबलांबच्या वीजवाहिन्यांत नको ते प्रवाह शिरले आणि अवघ्या दीड मिनिटात वीजयंत्रणा कोसळली. सुमारे साठ लाख माणसे नऊ तास विजेवाचून राहिली. दुकाने मात्र न जळली, न भिजली! आणि व्यवसाय बुडाल्याची भरपाई बहुधा तेव्हाच मिळते, जेव्हा विमा उतरविलेल्या मालमत्तेस प्रत्यक्ष इजा होते. याहून मोठे वादळ १८५९ साली आले होते. त्या काळी बिघडण्याजोगी होती ती तारायंत्रे. आज तसे आले, तर अनेक देश एकाच वेळी दावेदार होतील. मग हप्ते कोणाचे पुरणार?

ज्या वाचकांचे औषधांचे दुकान वा शीतगृह असेल, त्यांनी विम्याचा कागद काढून, बाहेरून येणारी वीज खंडित झाल्यास नासलेल्या मालाचे काय, एवढे कलम अवश्य शोधावे. आम्ही आमच्या परिचिताच्या कागदात शोधले, सापडले नाही.